न लागणारं दार

जुन्या ट्रकची केबिन नव्या चासीवर बसली, बोल्ट आवळून झाले, आणि क्लीनरच्या बाजूचं दार लागेना.

ताईनं ते लोटून पाहिलं, मग खांद्यानं रेटलं. खाली पत्र्याला पत्रा घासला. वर कडीपाशी बोटभर फट राहिली.

"दार तेच, बिजागऱ्या त्याच," धाकटा भाऊ म्हणाला. वेल्डिंगचा चष्मा त्यानं कपाळावर सरकवला होता. "मग झालं काय?"

"चौकट पसरली."

गॅरेज दोघांचं होतं. तो जोडकाम करायचा, ती पत्र्याचं. ट्रक बाबांचा. त्यांनी आयुष्यभर तोच चालवला होता, आणि आता तो कित्येक वर्षं गॅरेजच्या मागे उभा होता. त्याच्या गंजलेल्या चासीत बोट घातलं तर आरपार जात होतं.

साखरेच्या आजारानं बाबांच्या पायाची बोटं काळी पडली होती. डॉक्टरांनी घरी येऊन स्पष्ट सांगितलं होतं: आत्ता बोटं काढली तर पाय वाचेल, उशीर केला तर पाय जाईल, आणखी उशीर केला तर माणूस. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "येतो की. पण माझ्या गाडीतून."

गाडी हलत नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं. हा नकार होता. ॲम्ब्युलन्सच्या माणसांना त्यांनी काठी फेकून मारली तेव्हा तर शंकाच उरली नाही.

ताईनं मात्र अट शब्दशः घेतली. अपघातात तोंड चेपलेल्या एका नव्या पिकअपची चासी सरळ होती, इंजिन चालू होतं. भावानं ब्रॅकेट जोडले. इंजिन उंच येत होतं म्हणून तिनं केबिनचा तळ कापला.

चूक झाली ती त्याच्याही आधी, केबिन उचलताना. साखळी कुरकुरायला लागली तसं भाऊ म्हणाला, "वजन कमी कर, दारं काढ." तिनं काढली. दारं काढण्याआधी चौकटीत आडवा पाइप जोडायचा, म्हणजे केबिन फाकत नाही. गिऱ्हाइकाच्या प्रत्येक गाडीला ती हे न चुकता करायची. घरच्या गाडीला घाई झाली.

आता तिनं चौकटीला पट्टा लावून आवळायला सुरुवात केली. फट थोडी मिटली. भाऊ म्हणाला, "दाराला बाबांचा स्वभाव लागलाय. दामटलं की फुगतं." दोघंही हसले नाहीत. तेवढ्यात खांबाच्या बुडाशी गंजलेला पत्रा टर्रकन फाटला. तिनं हात काढून घेतला. आणखी आवळलं तर छपरासकट सगळं खाली येणार होतं.

फोन वाजला. आई होती.

"ताप चढलाय. काहीबाही बोलतायत. तुम्ही येताय की मी एकटीच बघत बसू?"

ते तशीच गाडी घेऊन गेले. दार दोरीनं बांधलं होतं.

भावानं बाबांना खुर्चीसकट अंगणात आणलं. काळेपणा आता घोट्यापर्यंत आला होता. बाबांनी पायाकडे पाहिलंच नाही. त्यांनी दाराच्या फटीवरून बोट फिरवलं.

"दारं काढून उचललीस?"

"हो."

"आत पाइप न मारता?"

ताईनं फाटलेल्या खांबावर हात ठेवला.

"परक्याची असती तर मारला असतास."

"मारला असता, बाबा."

"मग जा, नीट करून आणा. मी कुठे पळून चाललोय?"

"तुमचा पाय पळून चाललाय!" भाऊ ओरडला. "तुम्ही म्हणालात तुमची गाडी, ही घ्या तुमची गाडी! आता आणखी काय आणू?"

आईनं पदर तोंडाला लावला. बाबांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, आणि हात वर केले, उचलून घेण्यासाठी.

भावानं त्यांना सीटवर बसवून कमरेला पट्टा आवळला. येताना बांधलेली दोरी पुन्हा बांधायला गेला तर फाटलेला खांब आणखी उकलला, ताण घेईना. ताई स्टिअरिंगवर बसली.

"दार तुम्हालाच धरावं लागेल," ती म्हणाली. "सोडलंत तर मी थांबणार. परत घरी आणून सोडणार. बोलणार नाही काही."

"माझ्याच गाडीत मी क्लीनर?"

"आज हो."

भाऊ आणि आई मागे चढले. इंजिन सुरू झालं. आवाज त्या केबिनचा नव्हता, आणि बाबांनी तोंड वाकडं केलं.

कोपऱ्यावरच्या वळणाला ताईनं वेग कमी केला. दार उघडणार असेल तर इथेच उघडणार होतं. तिनं तिकडे पाहिलं नाही, कान मात्र तिकडेच होते. पत्रा खडखडला आणि थांबला.

बाबांनी दार दोन्ही हातांनी आत ओढून धरलं होतं. बोटं पांढरी पडली होती.

"समोर बघ," ते म्हणाले. "आणि गिअर पाड, मूर्ख."