अठ्ठ्याहत्तर किलो

मित्रांनो, माझ्या पाचाच्या बटणावरचा आकडा आता दिसत नाही. त्यावरूनच माझे वय ओळखा. मी एक जुना, तळहाताएवढा कॅलक्युलेटर आहे आणि सध्या एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात, टेबलाच्या खालच्या खणात पडून असतो.

लांब टेबलापाशी ओळीने बसलेल्या बायकांनी मला जोडले. शेवटच्या बाईने माझे प्रत्येक बटण दाबून पाहिले आणि मान डोलावली. पुढे स्टेशनरीच्या दुकानात काचेमागे मी काही महिने काढले. वाटले होते, एखाद्या दप्तरात जाईन. पण एका माणसाने मला आपल्या बहिणीसाठी घेतले. तिला फार्मासिस्टची नोकरी लागली होती. "तुझं डोकं भराभर चालतं, पण याच्याकडून एकदा तपासून घेत जा," तो तिला म्हणाला.

अशी ती माझी मालकीण झाली. फार्मासिस्ट म्हणजे काउंटरमागून गोळ्या देणारी, असे तुम्हाला वाटेल. हिचे काम वेगळे होते. जिथे माणसे यंत्राच्या आधाराने श्वास घेतात, तिथे ती डॉक्टरांबरोबर खाटेखाटेपाशी फिरे. कुठल्या औषधाचे कुठल्या औषधाशी जमणार नाही, कुणाच्या मूत्रपिंडांना किती झेपेल, हे ती पाही आणि मग मला खिशातून काढी. सिस्टर तिला लाडाने 'चाळणी' म्हणत, कारण तिच्यातून गेल्याशिवाय एकही औषध रुग्णापर्यंत पोचत नसे. एकदा एका लहान मुलीच्या कागदावर दशांशचिन्ह एक घर सरकले होते. मालकिणीने धावत जाऊन सिस्टरचा सिरिंज धरलेला हात थांबवला. त्या दिवशी मोठे डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, तुम्ही आहात म्हणून आम्हाला घरी जाऊन झोप लागते." मित्रांनो, मी खिशात होतो, पण छाती माझीच फुगली.

आता जे सांगायचे आहे ते सांगतो.

त्या सोमवारी दुसरा फार्मासिस्ट रजेवर होता आणि बावीस खाटा हिच्या एकटीच्या गळ्यात होत्या. बारा नंबरच्या खाटेवर एक शिंपी आला होता. फुप्फुसात जंतू पसरले होते, शुद्ध नव्हती, घशात नळी होती. सलाईनमुळे तोंड आणि हात सुजून टम्म झाले होते. त्याला एक जालीम इंजेक्शन सुरू करायचे ठरले. त्याची मात्रा वजनावर ठरते, किलोमागे पंधरा मिलिग्रॅम. जास्त झाली तर मूत्रपिंडे बिघडतात आणि कान जातात. खाटेचा वजनकाटा बंद होता. फायलीत वजन लिहिलेले होते, अठ्ठ्याहत्तर. ते दोन वर्षांपूर्वीच्या भेटीतले होते, पण तारीख पाहायला त्या सकाळी सवड नव्हती.

तिने माझी बटणे दाबली. अठ्ठ्याहत्तर गुणिले पंधरा. मी दाखवले, अकराशे सत्तर. माझे उत्तर बरोबर होते. आजही ते बरोबरच आहे.

चौथ्या दिवशी त्याच्या रक्ताचा अहवाल आला. औषध रक्तात हवे त्याच्या दुपटीहून जास्त साठले होते. मालकीण तो कागद धरून बारा नंबरपाशी गेली. तिने पायांवरची चादर बाजूला केली आणि मांडी चाचपून पाहिली. वरवर सूज होती. खाली नुसते हाड लागत होते. ती तशीच दार ढकलून बाहेर आली. शिंप्याची बायको बाकावर बसली होती.

"तुमच्या मिस्टरांचं वजन किती असेल हो?"

"बावन्न भरलं होतं मागच्या महिन्यात. वर्षभर अन्नच जात नव्हतं त्यांना. स्वतःच्या पँटी तीनदा आत घेतल्या. म्हणायचे, हे गिऱ्हाईक फार छळतंय."

ती हसली. माझी मालकीण हसू शकली नाही. खिशात हात घालून तिने मला घट्ट धरले होते.

इंजेक्शन त्याच क्षणी बंद झाले. मूत्रपिंडे बिघडली होती, ती दोन आठवड्यांनी सावरली. जंतू हटले, शुद्ध आली, नळी निघाली. बायको खाटेपाशी वाकून कितीतरी वेळ काहीबाही बोलत राहिली. शिंपी तिच्या ओठांकडे बघत होता. मग घोगऱ्या आवाजात म्हणाला, "मोठ्यानं बोल की. सगळे कुजबुजताय कशाला?"

त्याचे कान परत आले नाहीत.

मालकिणीने स्वतःच्या चुकीचा अहवाल स्वतः लिहिला. मोठे डॉक्टर म्हणाले, "मॅडम, माणूस वाचला ना? इतक्या आजारात कान कशानेही जातात. कशाला स्वतःच्या हातानं लिहून देताय?" तिने सही करून कागद त्यांच्यापुढे सरकवला. मग ती बाकाशी गेली आणि शिंप्याच्या बायकोला सगळे सांगितले. ती बाई रडली नाही, ओरडली नाही. एवढेच म्हणाली, "मला विचारायचं ना, ताई. चार दिवस मी इथंच बसून होते."

त्यानंतर विभागात कुणी तिला लाडाने हाक मारली नाही. चहाच्या खोलीत एक जण म्हणाला, "चाळणीचं एक भोक मोठं झालं." लोक हसले. ती दाराशी उभी होती. चहा न घेता मागे फिरली.

तीन महिन्यांनी शिंपी तपासणीला आला. व्हरांड्यात माझी मालकीण समोर आली, तशी त्याची नजर तिच्या एप्रनवर गेली. "बाई, खिसा उसवलाय. आतलं यंत्र पडेल!" तो इतक्या मोठ्याने बोलला की रांगेतली माणसे वळून पाहू लागली. त्याने मला काढून बायकोच्या हातात दिले, कॉलरीखाली खोचलेली दोऱ्याची सुई काढली आणि उभ्याउभ्या टाके घालायला लागला. मालकीण म्हणाली, "तुमचे कान माझ्यामुळे गेले." तो हसून मान हलवत राहिला.

"आजारानं गेले असंच सांगितलंय मी," बायको हळूच म्हणाली. "माझ्या तोंडून नाही निघालं. सांगायचं तर तुम्ही लिहून द्या."

मालकिणीने एका कागदामागे चार ओळी लिहिल्या. शिंप्याने त्या ओठ हलवत वाचल्या, मग पुन्हा वाचल्या. सुई खिशाला लोंबत राहिली होती. त्याने दाताने दोरा तोडला, सुई कॉलरीखाली खोचली आणि चालू लागला. बायकोने मला परत दिले आणि ती त्याच्या मागे धावली. खिसा अर्धाच शिवून झाला होता. मालकिणीने तो पुढे कधी पुरा केला नाही.

वर्षभरात विभागात संगणक आले आणि मी खणात गेलो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. संगणक माझ्याहून पुष्कळ हुशार आहे. वजनाचा रकाना तो जुन्या फायलीतून आपोआप भरतो. मालकीण अजून इथेच आहे. कुणाशी फारशी बोलत नाही. रोज सकाळी तो रकाना ती पुसून टाकते आणि विचारायला बाहेर जाते.

मित्रांनो, मला जपा, माझी बटणे पुसा, असे मी म्हणणार नाही. माझे मागणे एवढेच आहे. तुमच्या घरचे कुणी आजारी पडले, तर त्यांचे आजचे वजन माहीत करून घ्या. आणि डॉक्टर, सिस्टर, फार्मासिस्ट, जो कुणी समोर येईल त्याला ते सांगा. कुणी विचारील म्हणून वाट पाहत बसू नका.