मक्याचा डबा

चिमणी ही पागेतली सगळ्यात थोराड घोडी. नाव मामाने ठेवलेलं, आणि कुणी हसलं की तो खूश व्हायचा. मामा तिथला मोतद्दार. घोड्यांचं खाणंपिणं, खरारा, सगळं सत्तावीस वर्षं त्याच्याच हातात. मला तिथे चिकटवलं तेही त्यानेच. "भाची घोड्यांचं जेवण शिकून आलीय," तो मालकीणबाईंना म्हणाला, "आता आपले घोडे चमच्याने खाणार."

चिमणी आजारातून उठली होती. बरगड्या लांबून मोजता यायच्या. तिच्या अंगावर मांस चढवणं हे माझं पहिलं काम. मी सगळ्यांचा आहार किलोत लिहून काढला. मामाने कागद बघितला.

"सोनाराचं दुकान टाकलंस की काय? मी डब्याने घालतो, डब्यात सांग."

त्याचा पत्र्याचा डबा ओट्सने भरून मी तोलला. एक किलो भरला. मग किलो खोडले आणि लिहिलं: चिमणी, दाणा, सकाळी दोन डबे, संध्याकाळी दोन. बाकीच्यांना अर्धा-अर्धा. महिन्याभरात तिची पाठ भरली. मामा येणाऱ्याजाणाऱ्याला ती थोपटून दाखवायचा.

पदवी घ्यायला मी तीन दिवस रजेवर गेले. समारंभ सुरू झाला तेवढ्यात मामाचा फोन आला.

"ओट्स संपले गं. दुकानदाराने मका पाठवलाय. चालेल ना?"

माझ्या रांगेतलं पहिलं नाव पुकारलं गेलं होतं.

"चालेल. कागदाप्रमाणे घाल."

त्याच डब्यात मका दीड किलो बसतो. शिवाय त्यात पिष्ट खूप जास्त. चार डब्यांचा हिशेब अडीच पटीच्या वर जातो. लहान आतड्याला एवढं पचत नाही, उरलेलं पुढे जाऊन आंबतं, आणि त्याचं विष खुरांपर्यंत पोचतं. परीक्षेत यावर मी पानभर लिहिलं होतं. फोन ठेवताना मनात आलंही, पण मामाला समजावायचं म्हणजे आधी त्याच्या चार कोपरखळ्या ऐकायच्या. म्हटलं, परत गेल्यावर बघू.

परतले तेव्हा चिमणी पुढचे पाय लांब टाकून, सगळा भार मागे घेऊन उभी होती.

"ऐट बघ बाईसाहेबांची," मामा म्हणाला. "सकाळपासून जागची हलत नाही."

मी वाकून खुरांना हात लावला. तापलेल्या तव्यासारखे होते. बाकीच्यांची लीद पातळ झाली होती, एवढंच.

दाणा तेव्हाच बंद केला. खूर बर्फात ठेवले, डॉक्टरांनी औषधं दिली, खाली जाड भुसा पसरला. मामा बर्फ बदलत राहिला, जेवायलाही उठला नाही. पाचव्या दिवशी डॉक्टरांनी क्ष-किरणांचा फोटो उजेडात धरला. खुराच्या आतलं हाड कवचापासून सुटून खाली सरकलं होतं. पुढच्या दोन्ही पायांत. उजव्यात त्याचं टोक तळव्यातून बाहेर यायला आलं होतं.

"आता हिला ठेवणं म्हणजे हाल करणं आहे," ते म्हणाले. मालकीणबाईंनी होकाराची मान हलवली.

"मका कुणी ठरवला?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी," मामा लगेच म्हणाला. "अडाण्याचा कारभार, साहेब. माप चुकलं."

"माप मी लिहिलं होतं," मी म्हणाले. "मामाने फोन करून विचारलं होतं. मीच घाल म्हटलं."

मला वाटलं होतं, तो दटावेल. तो माझ्याकडे वळला.

"तुला ठाऊक होतं? मका जड पडतो ते?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तू हसला असतास."

"हसलो असतो," मामा म्हणाला. "हसलो असतो आणि ऐकलं असतं. तुझं ऐकायलाच तर आणलं होतं तुला."

मालकीणबाई काहीतरी बोलत होत्या, बहुतेक माझ्या नोकरीबद्दल. डॉक्टर सुई भरू लागले. मामाने चिमणीच्या तोंडाची दोरी हातात घेतली, तिच्या डोळ्यांवरचे केस बाजूला केले.

"तू बाहेर जा," तो मला म्हणाला. "घोड्यांना गवत टाक. नुसतं गवत. किती टाकायचं ते मला विचारून टाक."