विहिरीवरची पार्किंग

मारुशाला प्रश्न विचारायचा रोग होता, आणि कॉलेजने त्या रोगावर औषध म्हणून मला नेमलं होतं.

ती स्लोव्हेनियाहून एका सेमिस्टरसाठी आमच्या अंधेरीच्या कॉलेजात भूगोल शिकायला आली, येताना मराठी शिकूनच. परदेशी विद्यार्थ्याला एक स्थानिक सोबती द्यायची कॉलेजची पद्धत. मी बोरिवलीत राहते आणि तिचीही राहायची सोय बोरिवलीत, आमच्या सोसायटीच्या मागच्या गावठाणात गिल्बर्ट अंकलकडे झालेली, म्हणून बाईंनी परस्पर माझं नाव टाकलं. मला विचारलंसुद्धा नाही. दोन क्रेडिट मिळतील एवढं मात्र सांगितलं.

पहिल्या आठवड्यात मी वैतागले होते. रिक्षावाला मीटरला कापड का बांधतो? लिंबू-मिरची शनिवारीच का बदलतात? तुमच्या घरात पाण्याचे दोन नळ का आहेत? माझं एकच उत्तर ठरलेलं होतं, "असंच असतं गं." ती ते वहीत लिहून घ्यायची. महिन्याभराने तिने मला वही दाखवली तर "असंच असतं" पुढे बावीस रेघा मारलेल्या. मला हसू आलं आणि थोडी लाजही वाटली. एकवीस वर्षं इथे राहून मला बावीस गोष्टी माहीत नव्हत्या.

तिचा प्रकल्प होता उपनगरातल्या जुन्या विहिरींचा. कुठे आहेत, कोण वापरतं, झाकल्या की बुजवल्या, एवढंच. त्यासाठी सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी भटकायचो. दहिसरला नदीकाठच्या चाळीत एका आजोबांनी विहीर दाखवण्याआधी आम्हाला सगळ्या नातवंडांचे फोटो दाखवले. मानखुर्दला विहिरीऐवजी एक भलंमोठं भांडण बघायला मिळालं, ते मारुशाने मन लावून ऐकलं आणि शेवटी विचारलं, "यात चूक कोणाची होती?" वर्सोव्याला बोंबील वाळत घालणाऱ्या एका मावशीने तिच्यावरच प्रश्नांची सरबत्ती केली: तुझ्याकडे मासळी कोण विकतं, सासू असते का, थंडीत आंघोळ करता का? मारुशाने सगळ्यांची इमानदारीने उत्तरं दिली. मग आम्ही फेरीबोटीने मढला गेलो आणि वडापाव खात धक्क्यावर बसलो. तिथे मला पहिल्यांदा वाटलं, ही डिसेंबरात जाणार आणि मला करमणार नाही.

विहीर झाकलेली असली की मारुशाची एक पद्धत होती. झाकणाच्या फटीतून ती बारीक खडा आत टाकायची, मान कलती करून ऐकायची आणि आवाज किती वेळाने आला ते वहीत मांडायची. "आमच्या गावातही विहिरींना झाकण असतं," ती म्हणाली, "पण कुलूप नसतं." मी म्हटलं, असंच असतं. तिने तेविसावी रेघ मारली.

गिल्बर्ट अंकलचं घर म्हणजे माझं दुसरं घर. लहानपणापासून त्यांच्या स्वयंपाकघरात मी इतके फुगे खाल्लेत की विनी आंटी मला "अर्धी ख्रिश्चन" म्हणते. फुगे म्हणजे फुगवलेल्या पिठाचे तळलेले गोळे, लग्नात तर हवेतच. त्यांची धाकटी यव्होन नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी बोहल्यावर... म्हणजे चर्चमध्ये उभी राहणार होती. त्यानंतर नाताळापर्यंत त्यांच्यात लग्नं करत नाहीत, म्हणून सगळी घाई चाललेली. सप्टेंबरात एका संध्याकाळी आम्ही लसूण सोलत बसलो होतो आणि मारुशाने विचारलं, लग्नाच्या आदल्या दिवशी काय करता?

"उंबराचं पाणी," विनी आंटी म्हणाली. "बायका लुगडी नेसून, बँड लावून विहिरीवर जायच्या. कळशा भरून आणायच्या. त्या पाण्याने नवरीचे पाय धुवायचे."

"उंबराचं का म्हणतात?"

"कोण म्हणतं झाड, कोण म्हणतं उंबरठा. मना नको विचारू बाय. पाणी आणायचं, बस."

"आणि विहीर कुठे आहे?"

आंटीचे हात थांबले. "होती. माझ्या लग्नात तिथूनच पाणी आणलं. मग बिल्डरने बुजवली." तिने सुरीचं टोक आमच्या सोसायटीकडे केलं. "आमच्या थोरल्या क्लेटनच्या लग्नात माझी सासू कळशी घेऊन तुमच्या गेटवर गेलेली. ऐंशी वर्षांची म्हातारी. तुझ्या बाबांनी सांगितलं, मावशी, विहीर राहिली नाही, कधीच बुजवली. कळशी रिकामी घेऊन आली परत. मग नळाचं पाणी घेतलं. यव्होनला पण नळाचंच. पण मनाला लागतं ना, अपूर्वा. आईंची फार इच्छा होती."

मी लसूण सोलत राहिले. माझे बाबा, चंद्रप्रकाश, आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. आजोबा गिरणीत होते, मालवणहून आलेले. गिरणी गेली, पण बाबांनी नोकरी करून इथे फ्लॅट घेतला, आणि सोसायटी त्यांना पोटच्या पोरासारखी आहे. खोटं बोलतील असे ते वाटत नाहीत. मी विषय तिथेच सोडला.

मारुशाने मात्र सोडला नाही.

दसऱ्याला ती आमच्याकडे जेवायला आली. आईने, म्हणजे नलिनीने, तिला इतकं वाढलं की पोरगी भिंतीला टेकून बसली. जेवण जिरवायला आम्ही खाली उतरलो. ऑक्टोबरचं ऊन, सगळीकडे धूळ, आणि आमची बाग हिरवीगार.

"झाडांना पाणी कुठून?" मारुशा म्हणाली.

"टाकीतून."

"टाकीत?"

"म्युनिसिपालिटीचं. असंच..." मी बोलता बोलता थांबले. उन्हाळ्यात शेजारच्या सोसायट्या टँकर मागवायच्या. आम्ही कधीच मागवला नव्हता, आणि का मागवला नव्हता असं मला कधी वाटलंच नव्हतं.

बागेचा पाइप जमिनीलगत पार्किंगकडे गेला होता. मारुशा त्याच्या मागे मागे गेली आणि माझ्या स्कूटीपाशी थांबली. माझी स्कूटी कायम एका काँक्रीटच्या चौथऱ्यावर असते. मधोमध लोखंडी झाकण, त्यावर बाबांच्या अक्षरात पाटी: पाण्याची टाकी, उघडू नये. पाइप त्या झाकणाखाली गेला होता. मारुशा गुडघ्यावर बसली, खडा उचलला, फटीतून आत टाकला आणि मान कलती केली. मीपण नकळत मान कलती केली. मग कुठूनतरी खोलवरून, बऱ्याच वेळाने, डुबुक.

"टाकी इतकी खोल नसते," मारुशा हळूच म्हणाली.

वर्षभर मी त्या विहिरीवर स्कूटी लावत होते, आणि त्याआधी बाबा गाडी.

त्या रात्री मी बाबांना विचारलं. आधी ते टीव्ही बघत राहिले. मग म्हणाले, "कोणी सांगितलं?"

"खड्याने."

"हे बघ, तुला कळत नाही. बिल्डरने झाकली, बुजवली नाही. आज त्यांना पाणी न्यायला आत घेतलं, की उद्या वहिवाट लागते. मग गावठाणवाले म्हणणार, हा आमचा रस्ता, ही आमची विहीर. कोर्टकज्जे. बेचाळीस कुटुंबांची जबाबदारी आहे माझ्यावर."

"एका म्हातारीला एक कळशी पाणी, बाबा."

"एकीने सुरू होतं," बाबा म्हणाले, पण माझ्याकडे न बघता.

आई भाजी निवडत होती. निवडलेलीच जुडी तिने पुन्हा निवडायला घेतली. म्हणजे तिलाही माहीत होतं, आणि ते मला जास्त टोचलं.

नंतरचे दिवस मी विनी आंटीकडे जायचं टाळलं. काय तोंड दाखवणार? यव्होनचे मेसेज यायचे, ये ना गं, मेंदी लावायची आहे, आणि मी अभ्यासाचं निमित्त सांगायची. मारुशा त्याच घरात राहत होती, तिची तर वाट लागली होती. कॅन्टीनमध्ये तिने वही माझ्यापुढे ठेवली. विहिरींची यादी होती, आमच्या सोसायटीची ओळ रिकामी.

"लिहू का?" ती म्हणाली.

"तुझा प्रकल्प आहे."

"विहीर तुमची आहे. आणि आंटी रोज माझं ताट वाढते." तिचे डोळे भरले होते. मला वाटायचं ही फक्त माहिती गोळा करते. त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा मैत्रीण म्हणून मिठी मारली. ओळ रिकामीच राहिली.

लग्नाला आठ दिवस राहिले असताना विनी आंटी आमच्याकडे पत्रिका द्यायला आली. ताटात फुगे, वर रुमाल. मारुशा पिशव्या उचलून तिच्यासोबत. आईने पाणी दिलं, बाबा पँटची इस्त्रीची घडी नीट करत समोर बसले. आंटी कुणाकुणाला बोलावलं ते सांगत होती, हॉल कितीला मिळाला, बँडवाले किती नखरे करतात. मग सहज म्हणाली, "पाणी नळाचंच घेतोय रे यावेळी पण. आई असत्या तर जीव खाल्ला असता. पण तुझ्यावर कधी चिडल्या नाहीत त्या. बाकीचे सगळे म्हणायचे, सोसायटीवाले खोटं बोलतात, विहीर आत असेल. आई म्हणायच्या, चंद्रप्रकाश सांगतो तर बुजवली असणार. तो खोटं नाही बोलायचा."

मी मारुशाकडे बघितलं. मारुशा दाराशी काढलेल्या आपल्या चपलांकडे बघत होती.

बाबांनी एक फुगा उचलला होता. तो त्यांनी परत ताटात ठेवला.

"विनी," ते म्हणाले, "विहीर आहे."

"काय?"

"आहे. बुजवलेली नाही. तेव्हाही होती. मी मावशींना खोटं सांगितलं."

विनी आंटीने रुमाल घडी केला, पुन्हा उलगडला, पुन्हा घडी केला. मग ती उठली, फुग्यांचं ताट तिथेच ठेवलं आणि दाराबाहेर गेली. मारुशा तिच्यामागे धावली. बाबा त्या ताटासमोर बसून राहिले. मला त्यांचा राग यायला हवा होता. मला त्यांची कीव आली, आणि त्याहून जास्त भीती वाटली की आता त्या घरचं दार आम्हाला बंद झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिल्बर्ट अंकल आले. आत आले नाहीत. दारातूनच बोलले.

"शनिवारी संध्याकाळी पाच वाजता येतो आम्ही. झाकण उघडून ठेव." हातात एक जुनी तांब्याची कळशी होती, बुडाला पोचा आलेली. ती त्यांनी बाबांच्या हातात दिली. "ही आईची. विनी म्हणते, ही कळशी तू भरायची आणि तूच आणायची. आमच्या घरापर्यंत."

"मी? पण ते तर बायका..."

"विनी म्हणते," अंकल म्हणाले आणि जिना उतरले.

शनिवारी बाबांनी पहाटेच माझी स्कूटी हलवली, चौथरा धुतला, पाटी उखडून काढली. कमिटीतल्या हर्षद काकांनी वहिवाटीचा मुद्दा काढला तेव्हा बाबा म्हणाले, "लागू दे." झाकण उघडायला गिल्बर्ट अंकलसकट चार माणसं लागली. आत डोकावलं तर खाली गोल, काळं, शांत पाणी, आणि त्यात आमची डोकी. बाबांनी कोकणातल्या सवयीने चौथऱ्याच्या कडेला हळदकुंकू लावून नारळ ठेवला. मग आठवून अंकलना विचारलं, चालेल ना? अंकल म्हणाले, आम्ही पण लावतोच की.

पाचला बँड गेटमधून आत आला. लाल-हिरवी लुगडी, केसांत अबोली, पुढे विनी आंटी. मारुशालाही कुणीतरी लुगडं नेसवलं होतं, ती सारखी निऱ्या धरत होती. बायकांनी गाणं म्हणत कळशा भरल्या. शेवटी बाबांनी दोर धरला, म्हातारीची कळशी आत सोडली आणि ओढली. पाणी हिंदकळून त्यांचा इस्त्रीचा शर्ट भिजला. कळशी खांद्यावर घेऊन ते निघाले. वर बाल्कन्यांत सगळी सोसायटी उभी, मोबाईल काढून. बायका हसत होत्या, बँडवाल्याने मुद्दाम जोरात वाजवायला घेतलं. बाबा खाली मान घालून चालत होते. गावठाणाच्या तोंडाशी विनी आंटीने मागे वळून पाहिलं आणि ती त्यांच्यासाठी थांबली. मग दोघं शेजारी चालू लागले.

घराच्या दारात यव्होन पाटावर बसली होती. आंटीने बाबांच्या खांद्यावरची कळशी उतरवून घेतली आणि पहिलं पाणी तिच्या पायांवर त्याच कळशीतून घातलं. बाबा बाजूला उभे राहून ओल्या बाहीने डोळे पुसत होते.

मारुशा माझ्या कानाशी आली. "आंटी म्हणालेली, पाणी फक्त बायका आणतात. मग तुझ्या बाबांनी का आणलं? असंच असतं?"

"नाही," मी म्हटलं. "यावेळी कारण मला माहीत आहे. वही काढ, सगळं सांगते."