सूयिनने उगाळलेली शाई

मी एक जुनी सहाण आहे. मित्रांनो, सहाण म्हटले की तुम्हाला देवघरातले चंदन आठवेल. पण माझ्यावर चंदन नाही, शाई उगाळतात.

चीनमधल्या हुइचौच्या डोंगरातून मला काढले, तेव्हा मी नुसता काळा धोंडा होते. एका पाथरवटाने मला घासून घासून गुळगुळीत केले, मधे उथळ खळगा कोरला आणि सूचौ शहरात आणले. तिथे एका वृद्ध चित्रकाराने मला विकत घेऊन आपल्या च्वांग शौमिन नावाच्या शिष्याच्या हाती दिले आणि बजावले, "तीन वर्षं नुसती शाई उगाळायची. कुंचल्याला हात लावलास तर बघ!"

च्वांग उगाळत राहिला. थोडे पाणी घालायचे, शाईची कांडी उभी धरायची आणि गोल गोल फिरवायची. घाई केली की शाईत कणी राहते.

पुढे तो मोठा चित्रकार झाला. त्याच्या चित्रातले डोंगर धुक्यात उभे असत. गंमत अशी, की धुके तो काढतच नसे. तेवढा कागद तो कोरा सोडी आणि बघणाऱ्याला तिथे धुके दिसे. त्याच्या एका चित्रासाठी शांघायचे लोक वर्ष वर्ष थांबत. घरी आलेले पाहुणे माझ्यावरूनही हात फिरवत आणि म्हणत, "काय मऊ दगड आहे, बाळाच्या गालासारखा!" मी मनातून फुलून जाई.

मग एका वसंतात त्याचा कुंचला खळग्यात न पडता माझ्या काठावर आपटला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आपटला. त्याला नीट दिसत नाही, हे सर्वांत आधी मला कळले.

वैद्यांचे कडू काढे झाले, डोळ्यांवर लेप झाले. वर्षभरात त्याला फक्त उजेड आणि अंधार एवढेच कळू लागले. बायको केव्हाच वारली होती. घरात एकुलती एक मुलगी होती, एकोणीस वर्षांची सूयिन. तो तिला म्हणाला, "बाहेर एक अक्षर बोलायचं नाही. आंधळ्या चित्रकाराला कुत्रंसुद्धा विचारत नाही."

लहानपणापासून सूयिन वडिलांसाठी शाई उगाळत होती आणि त्यांची पाठ वळली की रद्दीवर हात चालवत होती. आता तिने आधी त्यांची एक अर्धवट फांदी पुरी केली. मग एक झाड काढले. मग आख्खे चित्रच तिचे होऊ लागले. त्यावर च्वांग चाचपडत आपला लाल शिक्का उमटवी. लोक म्हणू लागले, "या वयात हात आणखीच खुललाय!" ज्या दिवशी असे कोणी म्हणे, त्या दिवशी बाप जेवत नसे. आणि मुलगी मला धुताना इतकी खसाखसा घाशी की माझे अंग दुखे.

अशी तीन वर्षे गेली.

शरद ऋतूत एका रेशीमव्यापाऱ्याच्या बागेत चित्रकार जमले होते. च्वांगचा जुना गुरुबंधू फान मुद्दाम मोठ्याने म्हणाला, "च्वांगदादा, आज सगळ्यांसमोर एक डोंगर होऊन जाऊ दे! हल्ली चारचौघांत कुंचला धरत नाही तुम्ही. लोक काहीबाही बोलतात."

"काय बोलतात?"

"की शिक्का च्वांगचा आणि हात बांगड्यांचा!"

सगळे हसले. नाही म्हणणे म्हणजे कबुली देणे होते. नोकराने कागद पसरला. सूयिनने मला फडक्यातून काढले. तिने घाईने ओतलेले पाणी माझ्या काठावरून सांडले.

ती कुजबुजली, "बाबा, डोकं दुखतंय म्हणा ना. घरी जाऊ."

"गप. उगाळ. आणि हळू, कणी राहील."

पहिला फटकारा त्याने असा मारला की हसणारे गप्प झाले. डोंगराची एक कडा कागदावर उभी राहिली. मग शाई घ्यायला त्याने हात वळवला, आणि कुंचला माझ्या शेजारी टेबलावरच टेकला. त्याला ते कळले नाही. तोच कोरडा कुंचला त्याने कागदावर ओढला आणि करकर आवाज झाला. पुढचा फटकारा कागदाच्या कडेकडे निघाला. सूयिनने दोन बोटांनी हळूच कागद सरकवला.

"पोरी, हात बाजूला!" फान ओरडला.

कोणी चहाचा घोट घेईना. माझ्यातली शाई तशीच भरलेली होती. च्वांगने कुंचला खाली ठेवला.

"फान, तू ऐकलंस ते खरं आहे. मला दिसत नाही. तीन वर्षांतली सगळी चित्रं हिची आहेत. चोरी मी केली, हिनं नाही." मग तो मुलीकडे वळला. "सूयिन, डोंगर अर्धा राहिलाय. पुरा कर."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोरच."

तिने श्वास घेतला आणि कुंचला माझ्यात बुडवला. वडिलांचा तो कोरडा ओरखडा तिने झाकला नाही. त्याच्या बाजूने तिने धबधब्याची धार खाली उतरवली आणि भोवतीचा कागद कोरा सोडला. फान कितीतरी वेळ वाकून बघत राहिला आणि शेवटी नाइलाजाने म्हणाला, "धुकं बापापेक्षा दाट आहे."

उरलेल्या शाईने तिने खाली स्वतःचे नाव लिहिले.

दोघातिघांनी जुनी चित्रे रागाने परत पाठवली. काहींनी मात्र चित्र घेऊन येऊन तिची सही मागितली. च्वांग पुढे अकरा वर्षे जगला. रोज जेवताना तो विचारी, "आज काय काढलंस?" तिने सांगितले की वाद घाली, "तिथं झाड कशाला?" आणि दोन घास जास्त खाई.

आता बाटलीतली शाई मिळते. सूयिनच्या नातीने माझ्यावर फुलांची कुंडी ठेवली आहे. वाळलेल्या शाईने माझ्या अंगावर भेगाळ कवच धरले आहे. मित्रांनो, काम झाले की आमच्यासारख्यांना तेवढे धुऊन ठेवत जा. आणि भिंतीवर छान चित्र दिसले, ताटात चवीचा घास आला, तर तो कोणाच्या हातचा, हे विचारत जा. सूयिनला तीन वर्षे कोणी विचारले नाही. मी विचारले असते, पण मला तोंड नाही. तुम्हाला आहे.