शून्याचा गारठा

"सिंगापुरात कसलं आलंय हीटिंग? शून्य टाक आणि मोकळी हो," प्रताप सर म्हणाले. म्हणताना त्यांच्या अंगात लोकरीचा स्वेटर होता.

संजीवनीने स्वेटरकडे पाहिलं आणि दात आवळून धरले. खाली बुओना व्हिस्टाच्या रस्त्यावर माणसं घामाने निथळत होती आणि युनिव्हर्सिटीच्या या नव्याकोऱ्या लॅब-बिल्डिंगमध्ये खुर्चीगणिक एक जाकीट लटकत होतं. कुणालाच त्याचं नवल वाटत नव्हतं.

हवेतला दमटपणा जावा म्हणून इथे हवा आधी हुडहुडी भरेल इतकी थंड करायची. मग माणसं काकडू नयेत म्हणून छतावरच्या डक्टमधल्या इलेक्ट्रिक हीटरने तीच हवा पुन्हा तापवायची. एकाच हवेवर दोनदा वीज जाळायची, आणि वर पर्यावरणस्नेही म्हणून भिंतीवर हिरवं पान रंगवायचं!

दरवर्षी निरनिराळ्या देशांतल्या युनिव्हर्सिटींच्या इमारतींची तुलना व्हायची. चौरस मीटरमागे कुणी किती वीज खाल्ली; कूलिंग वेगळं, हीटिंग वेगळं. तो तक्ता केला होता बर्फाच्या देशातल्या लोकांनी. इथल्यांनी हीटिंगचा रकाना बघितला, हसले आणि शून्य भरून टाकलं. मान वर करून छताकडे कुणी पाहिलंच नाही. त्यात हीटरची वायरिंग लॅबच्या यंत्रांच्या बोर्डावर, आणि लॅबची यंत्रं तुलनेतून वगळलेली. म्हणजे हीटरची सगळी वीज हवेतच विरली. गेल्या वर्षी प्रताप सरांच्या सहीने ही बिल्डिंग पहिली आली होती. यंदा तक्ता भरायचं काम त्यांच्या हाताखालच्या संजीवनीकडे आलं. तिने प्रत्येक हीटरला मीटर लावला, आणि तिच्या आकड्यांनी बिल्डिंग पार तळाला गेली.

"सर, मोजलंय मी. शून्य नाहीये."

"मोजलंस, छान केलंस. आता विसर." सरांनी आवाज मऊ केला. "हे बघ, परदेशात आपण मराठी माणसांनीच एकमेकांना सांभाळायचं. तुझ्या वर्क पासच्या रिन्यूअलचे पेपर माझ्याच टेबलावर आहेत ना?"

आपण! चार वर्षांत सरांच्या घरी गणपती बसले, मुलाची मुंज झाली, ऑफिसातल्या यच्चयावत मराठी माणसांना आमंत्रणं गेली. संजीवनीला एकदाही नाही. पहिल्याच आठवड्यात तिचं आडनाव ऐकून सरांनी "गाव कुठलं?" विचारलं होतं आणि उत्तर ऐकून चहाचा कप जरा लांब सरकवला होता. आज शून्य भरायची वेळ आली तेव्हा ती त्यांच्या 'आपण'मध्ये बसली.

पण पासची, म्हणजे इथे राहायच्या परवान्याची, धमकी खरी होती. नवरा प्रबोध आणि लेक राणी, दोघांचे पास तिच्याच पासला टांगलेले. तो गेला की घर, शाळा, सगळंच गुंडाळायचं. सकाळीच प्रबोध म्हणाला होता, "बाई, पास हातात पडू दे. मग कर काय क्रांती करायची ती."

"बरं, सर," संजीवनी म्हणाली. "शून्य."

सर खूश झाले. दुपारी त्या तक्त्याच्या तपासणीचे पाहुणे सेमिनार हॉलमध्ये येणार होते.

जेवण झाल्यावर ती एसीची यंत्रं असलेल्या प्लांट रूममध्ये गेली. लॅबना हात लावला नाही, तिथे लोकांचे प्रयोग चालू होते. फक्त सेमिनार हॉलचा हीटर बंद केला. तक्त्यात शून्य लिहिलंय ना? मग हॉलमध्येही शून्य होऊ दे.

सरांचं भाषण रंगात आलं तेव्हा पहिली शिंक आली. मग कुणी हात काखेत घातले, कुणी फाइल छातीशी धरली. पाहुण्यांच्या प्रमुख मिसेस टॅन, साठीच्या, बारीक अंगाच्या, शालीत गुरफटून शेवटी आपल्या सिंगापुरी ढंगात म्हणाल्याच, "व्हाय सो कोल्ड, अह? फ्रीजमध्ये बसल्यासारखं वाटतंय, लाह!"

सर ओशाळं हसले. एसी कमी करायला सांगावं, तर हॉल दमट होऊन भिंती घामेजतात, हे त्यांना पक्कं ठाऊक. गडबडले आणि मागे उभ्या संजीवनीवर इंग्रजीत ओरडले, "हीटर का बंद आहे? चालू कर आधी!"



"हीटर?" मिसेस टॅननी समोरचा कागद पाहिला. "इथे तर शून्य लिहिलंय."

"छोटासा आहे, मॅडम. एखादाच..."

"प्रत्येक खोलीवर आहे," संजीवनी म्हणाली. "या, दाखवते."

सर जवळ आले आणि मराठीत पुटपुटले, "तुझे पेपर फाडून टाकीन. पोरीला घेऊन परत जा मग, जिथून आलीस तिथे."

 संजीवनीला राणीचा नवा युनिफॉर्म आठवला; प्रबोधला काय सांगायचं, ते कळेना. तरी पाय थांबले नाहीत.

प्लांट रूममध्ये तिने हीटर पुन्हा चालू केला. हॉलकडे जाणाऱ्या डक्टचा पत्रा हळूहळू तापला. मिसेस टॅननी गारठलेले दोन्ही तळवे पत्र्याजवळ नेले, शेकोटीला बसल्यासारखे. मग मीटरकडे बोट केलं. "किती?"

सर दारात उभे होते, स्वेटरच्या बाह्या ओढत.

संजीवनीने आकडा वाचला. आवाज कापला, म्हणून पुन्हा वाचला. मोठ्याने, दारापर्यंत ऐकू जाईल असा.