शेपूट वर धरा!

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे; पण बालवाडीत मला दोर म्हणालात तर मुलं तुमच्यावर चिडतील. तिथे मी डायनोसॉर आहे.

पूर्वी मी सामानाची खोकी बांधायचो. मग एकदा बाईंनी मला पटांगणात लांबच्या लांब पसरलं. "बाळांनो, लांब मानेचा, पाला खाणारा डायनोसॉर एवढा मोठा होता!" माझं डोकं वर्गाच्या दारात आणि शेपूट पार नळाजवळ. मुलं बघतच राहिली. तेव्हापासून ती मला ओळीने धरून चालायची आणि मी डुलत डुलत निघायचो. कुणाला मी हिरवा दिसायचो, कुणाला जांभळा. कपाटात वेटोळं घालून पडलो की मलाही स्वप्न पडायचं: उंच झाडं, कोवळा पाला आणि माझे जड जड पाय. खोटं कशाला बोलू, मी फार सुखात होतो.

शेपटाचं टोक नेहमी पिटुकलीकडे असायचं. वर्गात सगळ्यांत बुटकी, कुणाशी फारसं न बोलणारी. "तो शेपूट फरफटत चालत नव्हता हं, वर उचलून चालायचा," असं बाईंनी सांगितलेलं. त्यामुळे ती मला दोन्ही हातांनी उंच धरायची. तेवढं एक काम तिचं स्वतःचं होतं.

एकदा शिपाईमामांनी फडकी वाळत घालायला माझा तुकडा कापला. नेमका शेपटाचाच! "अहो, मला वाटलं नुसता दोर आहे," ते बाईंना म्हणाले. कापल्याचं सोडा, ते 'नुसता' मला फार लागलं.

"चला, आज थोडा लहान डायनोसॉर," बाई म्हणाल्या.

पिटुकलीचे डोळे भरले. "ह्याला शेपूटच नाही! मग मी काय धरू?"

मग तिनेच माझं कापलेलं टोक घट्ट धरलं आणि दुसरा हात नळाकडे लांब केला. एका मुलाने तो हात धरला, त्याचा दुसऱ्याने. तरी नळ थोडा लांबच राहिला. तिथे मामा बादली भरत उभे होते. त्यांनी बादली खाली ठेवली आणि शेवटच्या मुलाचा हात धरला.

"मामा, हात वर!" पिटुकली केवढ्यांदा ओरडली. "शेपूट फरफटतंय!"

मामांनी झटकन हात वर केला आणि मी अख्खाच्या अख्खा चाललो.

नंतर मामांनी तो तुकडा परत जोडून दिला. आता मी विरत चाललोय, शेपटाला गाठ आहे. मित्रांनो, माझं एवढंच ऐका. एखादा दोर दिसला, तर कात्री उचलण्याआधी जवळच्या लहान मुलाला विचारा, हा सध्या कोण आहे?