थेंब कोणी बघायचा?

मित्रांनो, ग्रामपंचायतीच्या आवारात, झेंड्याच्या कट्ट्यामागे, लोखंडाचे एक धूड पडलेले असते. शाळा सुटली की तुम्ही त्याच्यावर बसून चिंचा खाता आणि त्याच्या भोकांत चिंचोके टाकता. ते धूड म्हणजे मी. एकेकाळी या गावाला पाणी पाजणारा पंप. चिंचोक्यांबद्दल माझी तक्रार नाही. पण रोज माझ्यावर बसताच, तर माझी गोष्टही एकदा ऐका.

माझा जन्म कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत झाला. वाळूच्या साच्यात वितळलेले लोखंड ओतले, ते हळूहळू निवले आणि मला आकार आला. साचा फोडल्यावर एका कामगाराने माझ्या अंगावर हातोडी वाजवली आणि कान देऊन नाद ऐकला. नाद स्वच्छ होता, म्हणजे आत कुठे चीर नव्हती. मग माझ्या पोटात पंखा बसवला, पंख्याला पोलादी दांडा जोडला आणि टेम्पोत घालून मला गडहिंग्लजच्या पुढे, हिरण्यकेशीच्या काठी आणले.

तेव्हा नव्वदचे दशक संपत आले होते. गाव टेकडीवर, नदी खाली. पाण्यासाठी बायका तो चढ रोज चढत. सगळ्यात वरच्या आळीत शांतव्वा राहत. चढाने त्यांचे गुडघे कायमचे धरले होते. मी पहिल्यांदा फिरलो आणि टेकडीवरच्या टाकीत पाणी पडले, तेव्हा शांतव्वांनी मला हळदकुंकू लावले आणि आपली तांब्याची घागर पंपघराच्या कोनाड्यात ठेवून दिली.

"हिला हितंच ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "आता वर वाहून न्यायची न्हाय."

तो शब्द मी माझाच मानला. ती घागर कोनाड्यातून हलू द्यायची नाही, एवढेच माझे काम.

मला बसवणारे ठेकेदार होते कोल्हापूरचे सयाजीराव. योजना बांधली आणि निघून गेले, असा त्यांचा करार नव्हता. पहिली काही वर्षे त्यांनीच ती चालवायची, मोडतोड झाली तर निस्तरायची आणि मग गावाच्या हाती सोपवायची, असे ठरले होते. त्यासाठी त्यांनी संगमेश नावाचा आयटीआय शिकलेला ऑपरेटर ठेवला होता. गावाच्या बाजूने भरमाप्पा लक्ष ठेवत. ते पाणी समितीचे अध्यक्ष. करार त्यांना तोंडपाठ होता आणि त्यातले एक वाक्य त्यांचे फार लाडके होते: 'योजनेत कोठेही गळती आढळल्यास ठेकेदाराने ती तत्काळ बंद करावी.'

आणि मी गळत होतो.

हे नीट समजून घ्या. माझा दांडा आत पंख्याला आणि बाहेर मोटारीला जोडलेला. तो जिथून बाहेर येतो, त्या भोकातून पाणी उसळू नये म्हणून दांड्याभोवती चरबी लावलेली जाड दोरी गुंडाळतात आणि वरून नट आवळतात. या जागेला ग्लँड म्हणतात. पण नट अगदी घट्ट आवळायचा नसतो. थोडे पाणी थेंबथेंब येऊ द्यायचे. त्या थेंबांनी दोरी ओली राहते आणि फिरणारा दांडा थंड राहतो. माझा थेंब म्हणजे माझी तब्येत होती.

भरमाप्पांना मात्र त्यात फक्त वाया जाणारे पाणी दिसे.

"संगमेश, गळतंय की रं ह्ये!"

"गळत न्हाय आप्पा, गळू दिलंय. दोरी ओली ऱ्हायला पायजे."

"कुणी सांगितलं तुला गळू द्यायला? आमच्या बायकांनी डोसक्यावरनं पाणी वाहिलंय. थेंब सांडला तर जीव जळतोय माझा."

"थेंब न्हाय सांडला तर दांडा जळंल की ओ."

"करारात काय लिवलंय? कोठेही. कोठेही म्हंजे तुझ्या पंपात बी आलं!"

भरमाप्पा वाईट नव्हते. ज्या गावाने एकेका घागरीसाठी धाप टाकली, त्या गावाच्या माणसाला थेंबाचे असे वाटणारच. पण त्यांनी हट्ट धरला. शेवटी सयाजीराव जीपमधून आले. त्यांना पुढच्या कामावर जायची घाई होती.

"आवळ की गड्या एकदा," ते संगमेशला म्हणाले. "म्हातारं रोज त्येच लावून बसलंय."

संगमेशने पाना उचलला. क्षणभर थांबला. मग नट फिरवला. थेंब बंद झाला.

"बघ, झालं का न्हाय?" भरमाप्पा खूश झाले.

मित्रांनो, मला बोलता येत असते, तर मी तेव्हाच ओरडलो असतो. दोरी वाळली, तापली, करपली. पंपघरात चरबी जळल्याचा वास सुटला. दांड्यावर खोल चरे पडले, करपलेल्या दोरीचे तुकडे झाले आणि पाण्याचा फवारा थेट मोटारीवर गेला. संगमेशने धावत येऊन बटण बंद केले. टेकडीवरची टाकी रिकामी झाली.

आता मला उचलून शिरोलीला कोणी न्यायचे?

"तुमच्या माणसानं आवळला," भरमाप्पा म्हणाले. "निस्तरा तुम्हीच."

"तुम्हीच मागं लागून आवळायला लावला," सयाजीराव म्हणाले. "मी एकट्यानं का निस्तरू?"

"करार तुमचा हाय."

"हट्ट तुमचा हाय!"

असेच दिवस गेले. दोघे पंपघराच्या दारात उभे राहून करारातला एकेक शब्द चावत राहिले आणि मी थंडगार पडून राहिलो. एका सकाळी शांतव्वा काठी टेकत खाली आल्या. त्यांनी कोनाड्यातली घागर काढली, नदीत बुडवली आणि काखेत घेतली. चढाच्या तोंडाशी त्यांचा गुडघा लचकला. घागर दगडावर आपटली. पाणी उतारावरून वाहत दोघांच्या पायांपर्यंत आले.

"अव्वा!" संगमेश धावला.

शांतव्वा तिथेच बसल्या. "मला नगं उचलू तम्मा, त्याला उचल," माझ्याकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या. मग दोघांकडे वळल्या. "आणि काय ओ शाणं माणसं, त्यो कागद भिजवून पिळून प्यायचा काय आता आमी?"

सयाजीरावांनी टेम्पो मागवला. भरमाप्पांनी गावातले गडी बोलावले आणि पहिला खांदा स्वतः दिला.

शिरोलीला लेथ यंत्रावर माझा दांडा घासून गुळगुळीत झाला. परत आल्यावर संगमेशने नवी दोरी गुंडाळली. मी फिरलो. टप, टप, थेंब सुरू झाला. सवयीने भरमाप्पांचा हात पान्याकडे गेला. तेवढ्यात शांतव्वांनी ग्लँडखाली गोडेतेलाचा एक रिकामा डबा सरकवला.

"राबणाऱ्याला घाम येतोयच की आप्पा. त्याला बी येऊ दे. वाया जातंय म्हणता, तर डब्यातलं माझ्या अबोलीच्या झाडाला घाला."

भरमाप्पा हसले आणि पाना त्यांनी संगमेशच्या हातात दिला.

त्या दिवशी करारात एक ओळ वाढली: 'ग्लँडमधील थेंब ही गळती नव्हे. थेंब बघण्याचे काम गावाचे, नट फिरवण्याचे काम ठेकेदाराचे.' तेव्हापासून नदीवर येणारा प्रत्येक जण डब्यात डोकावू लागला. डबा कोरडा दिसला की हाक जाई, "संगमेश, घाम आटलाय रं!" भरून वाहू लागला तरी हाक जाई. भरमाप्पा तर सकाळी चहाआधी येऊन बघत.

कराराची मुदत संपली, तेव्हा सयाजीरावांनी तो पाना भरमाप्पांच्या हातावर ठेवला. "आप्पा, आता नट बी तुमचाच."

"व्हय," भरमाप्पा म्हणाले. "पर डबा आधीपास्नं आमचाच होता."

पुढे माझा पंखा झिजला. मी थकलो. माझ्या जागी नवा पंप आला, पाण्यात बुडून चालणारा. त्याला माझ्यासारखी ग्लँड नाही, त्याचा थेंब कोणाला दिसत नाही. मला इथे आणून ठेवले. शांतव्वांची घागर मात्र कोनाड्यात तशीच आहे, दगडावर आपटल्याचा पोचा घेऊन.

मित्रांनो, मला पुन्हा फिरवा, असे मी म्हणत नाही. एकच मागणे आहे. नवा पंप बिघडला तर तो कोणी दुरुस्त करायचा, हे कागदावर लिहिलेले असेल. पण तो बरा आहे की नाही हे रोज कोणी बघायचे, ते तुमच्यातच ठरवा. त्याचा आवाज ऐका. टाकी भरायला रोजच्यापेक्षा जास्त वेळ लागतो का, ते बघा. त्याचा डबा कुठला, ते तुम्हीच शोधून काढा.

ती घागर कोनाड्यातून पुन्हा खाली यायला नको.